पाटीची जागा

एकोणिसावी गाडीही पहिल्याच चावीला सुरू झाली आणि मिस्त्रींनी पाहुण्याकडे ऐटीत पाहिलं. पाहुणा परदेशातून आला होता, खुद्द गाडीच्या कंपनीकडून. त्याने वहीत काहीतरी टिपलं. मिस्त्रींची मुलगी दोघांच्या मध्ये उभी होती. पाहुण्याची भाषा ती कॉलेजात शिकली होती.

कंपनीने इथला गाशा गुंडाळला त्याला अठरा वर्षं झाली. मिस्त्री तेव्हा कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये होते. बाकीचे मुकाट्याने दुसऱ्या कंपन्यांत गेले. ह्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं आणि दारावर कंपनीच्या पाटीसाठी चौकोन आखून ठेवला. "कंपनी परत येणार," असं ते येईल त्याला सांगायचे. लोक हसायचे. चौकोनाला दर दोन वर्षांनी नवा रंग मिळायचा, पाटी तेवढी येत नव्हती.

सकाळी चहा पिताना पाहुण्याने आडपडदा ठेवला नव्हता. इथे रस्त्याची बाजू वेगळी, म्हणजे स्टिअरिंग उलट बाजूला बसवायचं. धुराचे नियम वेगळे, म्हणजे सगळ्या चाचण्या पुन्हा. एवढा खटाटोप करायचा तर नवी गाडी घेणारी माणसं हवीत. तेवढीच मोजायला तो आला होता. मुलीने हे सगळं नीट समजावलं. पण मिस्त्री कसले ऐकतात! कंपनीच्या गाड्या इथे किती मानाने नांदतायत, हे दाखवलं की झालं काम, असं त्यांनी धरलं. शहरात उरलेल्या एकूण एक गाड्या त्यांनी आवारात आणून उभ्या केल्या. एकतीस.

विसाव्या गाडीचं बॉनेट उघडून पाहुणा थबकला. हा पंप आमचा नाही, म्हणाला.

"लेथवर मीच केलाय. तुमच्यापेक्षा बरा चालतो, सांग त्यांना."

"बाबा!"

"बरं, तुमच्याइतकाच चालतो, असं सांग."

गाडी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. पाहुण्याने त्यांना विचारलं, नवी आली तर घ्याल का? बाई हसल्याच. "छे हो! नवीचं काय लोणचं घालू? आमचे मिस्त्री आहेत ना!"

मिस्त्री चक्क लाजले. "हे सगळं सांग हं, एक शब्द गाळू नकोस." मुलीने सांगितलं. पुढच्या गाडीचा मालक तेच म्हणाला. त्याच्या पुढचाही. मिस्त्रींची छाती फुगत गेली आणि मुलीचा आवाज बारीक होत गेला. शेवटी न राहवून तिने त्यांना बाजूला घेतलं.

"बाबा, एखाद्या गाडीत तरी बिघाड आहे म्हणा ना."

"माझ्या हातच्या गाडीत?" मिस्त्री इतके भडकले की दोन मालकांनी वळून पाहिलं. "कंपनीच्या माणसासमोर? जीभ झडेल माझी!"

एकतिसावी गाडीही सुरू झाली. पाहुण्याने मिस्त्रींचा तेलकट हात दोन्ही हातांत घेतला. आमच्या गाड्यांना इतकी माया लावलेली मी कुठेच पाहिली नाही, म्हणाला, आणि ते मनापासूनच होतं. मग त्याने एकच प्रश्न विचारला. ह्या गाड्या अजून किती वर्षं चालतील?

मुलीने प्रश्न सांगितला आणि वडिलांकडे डोळे मोठे करून पाहिलं. मिस्त्रींचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

"मी आहे तोवर. शब्द देतो, म्हणावं."

पाहुण्याने मान डोलावली. वही मिटली. दारावरच्या रिकाम्या चौकोनाकडे एकदा पाहिलं आणि हळूच एक वाक्य बोलून तो आपल्या बॅगेकडे वळला.

"अगं, काय म्हणाले? पाटी कधी लावायची?"

"म्हणाले," ती खाली बघत म्हणाली, "मग आम्ही त्यानंतर येऊ."