नावामागचं कारण

गच्चीवरच्या टाकीखाली मला उड्या मारणारा एक कोळी सापडला. प्रजाती अगदी नवी निघाली. दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मी तिचं वर्णन लिहिलं. माझ्या प्रत्येक शोधनिबंधावर पहिलं नाव विभागप्रमुखांचं असतं. वाचत मात्र ते एकही ओळ नाहीत.

"या कोळ्याला माझं नाव दे," ते म्हणाले.

"सर, लेखकाने स्वतःचंच नाव द्यायचं नाही, असा संकेत आहे."

सर पेचात पडले. मग, "निबंध काय, छप्पन्न होतील! कोळी कुठे रोज सापडतो?" असं म्हणून त्यांनी लेखकांमधून आपलं नाव आपल्याच हाताने खोडलं.

निबंध माझ्या एकटीच्या नावाने छापून आला. सरांनी त्याचं पहिलं पान फ्रेम करून केबिनमध्ये टांगलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कोळ्याचं नाव बोट ठेवून दाखवतात.

नव्या नावाखाली त्याचं कारणही छापायची पद्धत आहे, ते बोटाखाली झाकलं जातं: "हा कोळी स्वतः जाळं विणत नाही, दुसऱ्याच्या जाळ्यात शिरून तिथली शिकार खातो, म्हणून आमच्या विभागप्रमुखांचं नाव."