बारा पीएम

“बारा वाजले. लाइन चालू करतो,” वीज उपकेंद्रात पाळीवर येताच नवा ऑपरेटर म्हणाला. फळ्यावर लिहिलेलं होतं, ‘खांबावर काम, बारा पीएमपर्यंत बंद.’ स्विचला मात्र अजून कुलूप होतं.

“थांब!” घरी निघालेला जुना ऑपरेटर ओरडला. “पीएम म्हणजे लॅटिनमध्ये मध्यान्हानंतर. आत्ता ऐन मध्यान्ह आहे. काम दिवसभराचं आहे, वायरमनने रात्रीचे बारा धरलेत.”

“लॅटिन गेलं खड्ड्यात! लोक फोनवर शिव्या घालतायत. चावी दे, नाहीतर कुलूप तोडतो.” त्याने हातोडी उचललीसुद्धा.

जुन्याने त्याचं मनगट धरलं. “चावी वर आहे. खांबावर चढणारा ती खिशात घेऊनच चढतो.”

“आहे कोण हा दीडशहाणा?”

“तुझा धाकटा भाऊ.”