गोटीरामाचं लोटांगण

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकाल तर डोळा लागेल. या गोष्टीतला माणूसच मुळी आडवा पडलेला आहे, तुम्ही तरी जागे हवेत.

पंचवटीतला श्रावणातला सप्ताह. काल्याचं कीर्तन, मंडप गच्च. आणि भर कीर्तनात, बुवांच्या पायाशी, सतरंजीवर पालथा पडलेला सहा फुटी गोटीराम.

गोटीराम विंचूरचा. एस.टी.च्या डेपोत टायर बदलायचा. साल असेल एकोणऐंशी. त्याला जन्मात एकच हौस होती, बुवांच्या मागं टाळ घेऊन उभं राहायचं. पण ती रांग म्हणजे अकरा जणांचा गड. टोप्या एकाच शिंप्याच्या, चहा एकाच टपरीवरचा, हसणंही एकदमच. एक शिंकला की बाकीचे दहा ‘सत्य आहे’ म्हणायचे. बहिरू त्यांचा म्होरक्या. बारावा गडी बदली होऊन नामपूरला गेला आणि जागा रिकामी झाली, म्हणून गोटीरामाला आत घेतलं. घेतलं म्हणजे काय, उन्हाळाभर त्यांच्या वहाणा सांभाळायला लावल्या. चिंच लावून टाळ घासायला लावले. येता-जाता अकराही जणांच्या पाया पडायला लावलं. आता वारकऱ्यांत पाया पडणाऱ्याच्या आपणही पाया पडायचं असतं. पण या अकरांची कंबर नेमकी तेव्हाच धरायची.

“आम्हीही केलंय हे सगळं,” बहिरू म्हणायचा. “फुकट नाय कुणी आपला माणूस होत.”

गोटीरामाला हे पटायचं. देवाच्या दारातली माणसं खोटं कशाला बोलतील?

काल्याच्या दिवशी त्याची सासू कुसाबाई पहिल्या एस.टी.नं विंचूरहून आली. जावई बुवांच्या मागं उभा राहणार, हे तिनं अख्ख्या आळीत सांगून ठेवलेलं. नवं लुगडं नेसून ती बायकांत पुढं बसली.

कीर्तन सुरू व्हायच्या आधी बहिरूनं त्याला खांबाआड घेतलं.

“गोट्या, शेवटची दीक्षा राहिली. दुसऱ्या चरणाला बुवांचा उजवा हात वर गेला, की टाळ खाली ठेवायचे, पुढं जायचं, अन् बुवांच्या पायाशी साष्टांग लोटांगण. बुवा सोताच्या हातानं उठवत नाहीत तवर हलायचं नाय.”

“अन् चुकलो तर?”

“तर उद्यापासनं खाली बसायचं. सासूबाईंच्या शेजारी.”

मागं उभ्या, अकरांतल्याच सहादूनं हसू दाबायला टोपीच तोंडात धरली.

दुसरा चरण आला. बुवांचा हात वर गेला. गोटीराम पुढं झाला आणि पडला. मंडपाचे बांबू हलले. मृदंग थांबला. अकरा जण श्वास धरून उभे, कारण बुवा महातापट. त्यांच्या कीर्तनात नुसता खोकलेला माणूसही बाहेर जाऊन बसायचा.

पण बुवा ओरडले नाहीत. गप्प उभे राहिले, डोळे मिटून.

त्या शांततेत कुसाबाईनं हंबरडा फोडला, “अगं बया! माझ्या जावयाला द्येव दिसला गं!”

आणि ती उठून, गर्दीतनं वाट काढत, थेट जावयाच्या पायावर. तिच्यामागं बायका उठल्या. बायकांमागं पुरुष. कुणी बुक्का लावला, कुणी वीणेकऱ्याच्या गळ्यातला हार काढून गोटीरामाच्या पाठीवर ठेवला. एकीनं तान्हं पोर त्याच्या तळव्यांना टेकवलं. बघता बघता मंडपाबाहेरपर्यंत रांग लागली.

एक म्हातारे अकरा जणांवर खेकसले, “तुम्ही काय खांबासारखे उभे? उन्हाळाभर तुमच्यात होता, तरी ओळखला नाही होय रे?”

काय सांगणार बहिरू? थट्टा होती म्हणाला असता, तर लोकांनी या अकरांचाच काला केला असता. टोप्या सारख्या करत अकराही जण रांगेत लागले. बहिरूची कंबर त्या दिवशी काही धरली नाही.

तो पायावर वाकला, तोच सतरंजीतनं दबका आवाज आला, “कोण हाय?”

“मी... बहिरू.”

“दादा, गुदगुल्या व्हत्यात. बुवा उठवत का नाय? माझं काय चुकलं का?”

गोटीरामाच्या आवाजात रडू होतं. सासूसमोर आपली जागा जाते, एवढंच त्या बिचाऱ्याला कळत होतं.

बुवांनी ते ऐकलं. उपरणं सावरत ते खाली वाकले, गोटीरामाच्या कानाशी. बहिरू तिथंच ओणवा, त्याला हलताही येईना.

“दीक्षा का रे?” बुवांनी विचारलं.

“व्हय बुवा. चुकली का?”

“नाही रे बाळा. घोटीला माझ्या पहिल्या दिवशी टाळकऱ्यांनी मलाही हीच दिली होती. लोक पाया पडायला लागले. लाजेनं मी उठलोच नाही. उठलो, तो बुवा होऊनच.”

तर मंडळी, कधी कीर्तनाला जाल आणि रांगेच्या टोकाला कुणी नवखा घाबरून टाळ धरलेला दिसेल, तेव्हा एवढं करा. आमच्या गोटीरामाची आठवण ठेवा.