नदीपार

साहेब आफ्रिकेची सफारी करून आले आणि पहिल्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आम्हाला व्हिडिओ दाखवायला बसले. झेब्र्यांचा कळप नदी ओलांडत होता. मगरीनं एकाला ओढलं. बाकीचे पलीकडे पोचले आणि माना खाली घालून चरायला लागले.

“बघा,” साहेब म्हणाले, “आपल्यातलाच एक गेला, पण कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी जनावरंच ती.”

“काळीजच नाही मेल्यांना,” टायपिस्टबाई म्हणाल्या. आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या आणि डबे उघडले.

त्यांच्या सफारीची तिकिटं, तंबू, जीप, सगळं जमवून देणाऱ्या कारकुनाला साहेबांनी सकाळीच कामावरून काढलं होतं. त्याची रिकामी खुर्ची मध्ये येत होती. मी ती पायानं बाजूला सरकवली.