भाजलेले तांदूळ

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून माझा दोस्त वासू गेला, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यात मीच बोटीवरून आणून दिलेली रंगीत फिल्म होती. ती धुवायची सोय इथे नव्हती. मी लंडनच्या बोटीवर खलाशी, म्हणून त्याची बायको शेवंतावहिनी तो रोल घेऊन लालबागच्या आमच्या खोलीत आली.

"शेवटपर्यंत तुम्हीच होतात ना त्यांच्याजवळ, भावोजी? मग हेही तुम्हीच न्या. त्यांनी शेवटचं काय बघितलं, ते मला बघायचंय."

शेवटपर्यंत होतो, असं मीच सगळ्या चाळीला सांगितलं होतं.

समुद्राच्या दमट हवेने फिल्म खराब होते असं मी म्हटल्यावर तिने ओल शोषून घ्यायला तांदूळ खरपूस भाजले, निववून डब्यात भरले आणि मधोमध रोल ठेवला. मी झाकणाला मेण लावलं आणि तीन आठवडे डबा उशाशी घेऊन झोपलो.

लंडनला फोटो सुरेख आले. शेवटच्या फोटोत लोक एका जखमी माणसाला उचलत होते आणि त्यांच्या पलीकडे, मागे वळून बघत पळणारा मी होतो. चेहरा अगदी स्पष्ट.

फोटोंचं पाकीट मी समुद्रात टाकलं. परत आल्यावर डबा वहिनीच्या हातात दिला आणि म्हणालो, "दमट हवा लागली. एकही फोटो आला नाही."

ती डब्यातले तांदूळ बोटांनी चाळत राहिली.



"माझेच तांदूळ कच्चे राहिले असतील, भावोजी."