डिकीतले बूट

आईचे बूट डिकीत, डिकीची चावी खिशात, असा चोख बंदोबस्त करून मुलगा नाश्त्याला बसला. इतक्या निवांत मनाने त्याने या सहलीत एकदाही पावाला लोणी लावलं नव्हतं.

भाड्याच्या गाडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने चाललेल्या या प्रवासात आईने रोज एक नवं गाव पळून पाहिलं होतं. बाकीच्यांच्या आंघोळी होईपर्यंत ती परत यायची आणि बेकरी कुठे, चढ कुठे, कुत्री कोणत्या गल्लीत, सगळी बातमी द्यायची. मुलाची तक्रार नव्हती. तेवढीच त्याला जास्तीची झोप मिळत होती. पण काल रस्ता ओलांडताना आईने घरच्या सवयीने उजवीकडे पाहिलं आणि या देशातली गाडी डावीकडून आली. आईने मागे उडी मारली ती थेट गुडघ्यावर.

"पडलीस ते ठीक आहे," संध्याकाळी पट्टी बांधताना तो म्हणाला होता. "पण उठून पुन्हा पळत सुटलीस, याला काय म्हणायचं?"

"पळणं म्हणतात," आई म्हणाली.

"आता बंद. परक्या मुलुखात मला दवाखाने शोधायचे नाहीत."

आई खिडकीतून वाळूच्या पार टोकाला असलेलं पांढरं दीपगृह बघत होती. हा मुक्काम शेवटचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी विमान. ते बघणं मुलाने बरोबर ओळखलं आणि "सकाळी घाई नको" म्हणत आईवडिलांची बॅग, चपला, आईचे बूट, सगळं रात्रीच स्वतःच्या हाताने खाली नेऊन डिकीत टाकलं. एरवी त्याला कधी कुणाची बॅग उचलताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"आई उठली ना?" त्याने आता विचारलं.

"केव्हाच," वडील म्हणाले. ते पाय खुर्चीखाली ओढून चहा पीत होते.

"रागावलीय?"

"छे. चांगली खुशीत होती."

पाव मुलाच्या हातात तसाच राहिला. आई खुशीत असणं हे त्याच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. त्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे, घरच्या सुनेकडे, पाहिलं. सून खिडकीकडे पाहत होती आणि तिचे केस मोकळे होते. रोज सकाळी ते लाल स्कार्फने बांधलेले असत.

मग त्यानेही खिडकीबाहेर पाहिलं.

समुद्राच्या रस्त्याच्या अलीकडच्या कडेने आई चालली होती. चालली कसली, पळत होती. पावलं जरा फताडी पडत होती, बदकासारखी, पण पडत होती.

"तिचे बूट तर डिकीत आहेत," मुलगा म्हणाला.

"आहेत की," वडील म्हणाले.

मुलाने वाकून टेबलाखाली पाहिलं. खुर्चीखाली वडिलांचे दोन्ही पाय उघडे होते. बोटं हलवून त्यांनी जणू हजेरी दिली.

"बाबा, तुमचे बूट कुठे आहेत?"

"पळायला गेलेत."

"तुमचा नंबर केवढा, तिचा केवढा. पुन्हा तोंडावर पडेल ती."

"दोन जोड मोजे घातलेत. एक जोड तुझा आहे."

मुलगा चावी काढत उठला. "मी गाडी घेऊन जातो आणि तिला घेऊन येतो."

"बसा हो जरा," सून म्हणाली. "त्या रस्ता ओलांडतायत."

तो बसला नाही, पण हललाही नाही. आई फुटपाथच्या कडेला थांबली. तिने डावा हात वर केला. मनगटाला सुनेचा लाल स्कार्फ बांधलेला होता. आईने हाताकडे पाहिलं, मग त्याच बाजूला पाहिलं. दुधाची गाडी गेली, मागून एक मोटार गेली. आई सावकाश पलीकडे पोहोचली.

"ज्या हाताला लाल, तिकडे आधी बघायचं," सून म्हणाली. "रात्री दोघींनी ठरवलं."

"म्हणजे तूसुद्धा."

सुनेने त्याच्या ताटलीतला लोणी लावलेला पाव उचलून खाल्ला.

पलीकडे वाळू सुरू होत होती. बुटांचा आता काही उपयोग नव्हता. आई समुद्राच्या कठड्यावर बसली, बूट काढले, मोजे त्यांत कोंबले आणि जोड कठड्यावर नीट मांडून ठेवला, टोकं हॉटेलकडे करून. मग वाळूवर उतरली आणि दीपगृहाच्या दिशेने अनवाणी पळू लागली. आता पावलं फताडी पडत नव्हती.

"बूट तिथेच टाकून गेली," मुलगा म्हणाला.

"टाकून कशाला? ठेवून गेलीय," वडील म्हणाले. "जा, घेऊन ये. मी काय विमानात अनवाणी चढू? आणि गाडी नको नेऊस. एवढ्याशा अंतराला कोण गाडी काढतं."

मुलगा तावातावाने बाहेर पडला. सून आणि वडील खिडकीतून बघत राहिले. आठवडाभर या देशात त्याने एकदाही न चुकता उजव्या बाजूने गाडी हाकली होती. स्टिअरिंग सोडून पायी रस्ता ओलांडायची वेळ मात्र त्याच्यावर आजच आली. तो फुटपाथच्या कडेला आला, उजवीकडे पाहिलं आणि पाऊल टाकलं.

डावीकडून जोरात हॉर्न वाजला. तो दचकून मागे सरला, तोल जाऊन फुटपाथवर बसला.

कठड्यावरचे बूट त्याच्याकडे तोंड करून होते. वाळूवरचा ठिपका मागे वळून न पाहता लहान होत चालला होता.

"तुझ्याकडे आणखी एखादा स्कार्फ आहे का गं?" वडिलांनी सुनेला विचारलं.