तांडेलकाकांच्या पाळीतलं वादळ

“तांडेल, खिसे दाखवा!”

वेधशाळेच्या प्रमुख वृषालीबाई एरवी त्यांना काका म्हणत. पण जगभरच्या वेधशाळांच्या आकड्यांवरून काढलेला पृथ्वीचा चुंबकीय निर्देशांक आजही शांत होता, आणि चुंबकीय वादळ फक्त इथल्या नोंदींत, तेही काकांच्याच पाळीत उठत होतं. असंच चाललं तर जगाच्या हिशोबातून ही वेधशाळा बाद! यंत्राच्या खोलीत लोखंड न्यायला बंदी असताना म्हातारा लपवून मोबाइल नेत असणार, दुसरं काय?

काका घुटमळले. मग बनियनच्या खिशातून एक भिंग निघालं.

“मोतीबिंदू वाढलाय, बाई. काटा दिसत नाही, अन् आकडा अंदाजाने ठोकायला मन धजेना. चौकट पितळेची आहे, पारखून घेतलंय.”

बाईंनी भिंग आपल्या कचेरीतल्या टेबलावरच्या लोहचुंबकाजवळ नेलं. ते खटकन चिकटलं.

काकांना दिसलं नसावं. आवाज मात्र ऐकू गेला.